अप्पा लघाटे आणि बेतवेची रेघ

अप्पा लघाटे कुणाच्याही घरात शिरले की आधी कोनाड्यात हात घालायचे. चहा नंतर, पाणी नंतर, रामराम सुद्धा नंतर. कोनाड्यात लोक काय काय ठेवतात, दिवा, कंगवा, गोळ्यांचं पाकीट. अप्पा ते सगळं हळूच बाजूला सारायचे, तर्जनी पार आतल्या कोपऱ्यात खुपसायचे आणि बाहेर काढून बोटाचं टोक डोळ्यांजवळ धरायचे. घरातली बाई दारात उभी राहून बघत असायची, की हा म्हातारा आपल्या घरात नक्की शोधतोय काय.

"जे का कर रये, पंडतजी?"

"बेटा, तुम्हारे यहाँ नदी आई थी ना. देख रहे हैं, कुछ छोड़ के गई क्या."

आणि सोडून गेलेली असायचीच. पूर ओसरला की लोक भिंती धुतात, जमीन सारवतात, भांडी घासतात, पण कोनाड्याचा आतला कोपरा कुणीच घासत नाही. तिथे बारीक गाळ बसून राहतो, अगदी पावडरसारखा. खालच्या कोनाड्यात गाळ सापडला आणि वरच्यात नाही सापडला, म्हणजे पाणी त्या दोघांच्या मधे कुठेतरी थांबलं होतं. लोकांच्या आठवणीवर अप्पांचा फार विश्वास नव्हता. म्हणायचे, "माणूस पूर सांगताना पाणी एक तर कमरेला आणतो, नाही तर आभाळाला. मधलं कुणी सांगत नाही."

अप्पा ह्या हिवाळ्यात गेले. आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला, खाली जोडलेल्या हातांची लाइन लागली, आणि मला इतकं कसंतरी झालं की लॅपटॉप उघडून सुटलेच आहे. माझं मराठी झाशीतलं आहे, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, त्यामुळे लिहिताना इकडचं तिकडे होणार, सांभाळून घ्या.

आमचं काम असं होतं: बेतवेच्या खोऱ्यात कुठल्या गावाला पुराचा किती धोका आहे ते शोधायचं, आणि तो कमी करायला काय करता येईल ते गावाबरोबर बसून ठरवायचं. मी नकाशे करायची. अप्पा इंजिनिअर, सगळी नोकरी कालवे आणि बांध मोजण्यात गेलेली, रिटायर झाल्यावर आमच्याकडे सल्लागार. पहिल्या आठवड्यात मी त्यांना मोठ्या उत्साहाने माझा नकाशा दाखवला, निळ्याच्या सगळ्या शेड्स, एकदम मस्त झाला होता. त्यांनी चष्मा वर केला, चष्मा खाली केला.

"रंग छान आहेत गं. ह्यात माणसं कुठे झोपतात?"

"ते डेटात नाहीये अप्पा."

"मग विचारायला जावं लागेल. चल."

बस, तेव्हापासून मी त्यांच्या मागे.

त्यांचं घर दतिया गेटजवळ. घराणं झाशीत इतकं जुनं की "तुमचं मूळ गाव कुठलं" विचारलं की ते खरंच गोंधळून जायचे. "कोकणात असेल कुठेतरी. देव तिकडे राहिला, आम्ही इकडे." आम्ही रेल्वेवाले, बाबा भुसावळहून बदलीवर आले आणि इथलेच झाले, त्यामुळे आमच्या घरातलं मराठी वेगळं आणि अप्पांचं वेगळं. त्यांच्याकडे कपाटाला फडताळ म्हणायचे, तांब्याला गडू. एकदा मला शिकवायला लागले, "खोरं म्हणजे काय, एक मोठं तसराळं. कडेला कुठेही पडलेला थेंब शेवटी बुडाशीच येणार." मी मान हलवली आणि गपचूप आईला मेसेज केला, तसराळं म्हणजे काय. आईचं उत्तर आलं, पसरट परात समज, आता कुणी वापरत नाही.

आणखी एक सवय. राग आला की अप्पा जास्त जास्त नम्र व्हायचे. साधारण रागात एक 'जी', फार रागात प्रत्येक शब्दामागे 'जी'. एकदा एका ऑफिसात एक तरुण साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "हमारे रिकॉर्ड में इस गाँव में पानी कभी आया ही नहीं." अप्पा त्याच दिवशी गावातून आलेले, बोट अजून मातकट. त्यांनी ते बोट अलगद साहेबांच्या टेबलावरच्या काचेवर टेकवलं. "जी, तो यह जी, रिकॉर्ड में चढ़ा लीजिए जी." साहेब हसले, आणि नवल म्हणजे पुढच्या वेळी आमच्याबरोबर गावाला आले.

आणि आलं. बरुआसागरवरून येणं असेल तर गाडी थांबवायचीच, आणि पिशवीभर आलं घ्यायचंच. तिथलं आलं चांगलं असतं हे कबूल, पण काकू वैतागायच्या. काकू म्हणजे अप्पांची बायको. "हे नदीवर जातात की मंडईत, मला कळत नाही. घरात आम्ही दोघं, आणि आलं एवढं की लग्नातला चहा व्हावा." अप्पा मला हळूच म्हणायचे, "फडताळ उघडू नकोस, मागचंही तिथेच आहे."

आता रेघेचं सांगते. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले, आणि बाकीचंच टाइप करत राहिले.

बेतवेकाठी पिपरौनी नावाचं छोटं गाव आहे. कच्च्या भिंती, वर खपरैल, म्हणजे देशी कौलं, नदीकडच्या बाजूला भाजीचे मळे. गावामागे एक टौरिया, म्हणजे आमच्याकडची खडकाळ टेकडी. तिथल्या कोनाड्यांवरून अप्पांनी सगळ्यात मोठ्या पुराची पातळी काढली आणि घराघरांच्या भिंतीवर निळ्या ऑइल पेंटची रेघ मारून घेतली. कल्पना साधी होती. रोज समोर रेघ दिसली तर पाणी कुठवर येऊ शकतं हे विसरलं जाणार नाही, आणि नदी चढायला लागली की लोक वेळेत टौरियावर जातील.

दिवाळीनंतर आम्ही गेलो तर एकही रेघ नाही. सगळं गाव पांढरं स्वच्छ. दिवाळीच्या पुताईत चुन्याखाली गेली.

अप्पा 'जी' वर आले. "आपने जी, पूरी मेहनत पोत दी जी."

नदीच्या सगळ्यात जवळचं घर रामकली बऊंचं. बऊ म्हणजे आपल्याकडची आई किंवा आजी, वयाप्रमाणे. ह्या सगळ्या गावाच्याच बऊ होत्या. दात नव्हते, पण जीभ होती. त्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

"काए पंडतजी, चूना तौ हम ऊपर सें नैचें लौं पोतत. तुमाई लीली लकीर के लाने दिवारी छोड़ दें का?"

"तो बऊ, क्या करें? हर साल मिट जाएगी तो फायदा क्या?"

बऊंनी मेथीची काडी फेकली. "मैया की कै देओ. मैया की लकीर पै कोऊ कूँची नईं फेरहै."

मैया म्हणजे बेतवा. रेघ तिची म्हटली की तिच्यावर कुणी चुन्याचा ब्रश फिरवणार नाही. मला आठवतंय, अप्पांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. इतकी वर्षं ते लोकांना सांगून थकले होते, आणि इथे एका वाक्यात प्रश्न सुटला होता. पुढच्या खेपेला आम्ही परत रेघा मारल्या आणि ह्या वेळी गावातल्या बायकांनी प्रत्येक रेघेवर शेंदूर लावला, दिवा दाखवला. पहिला शेंदूर अप्पांनीच लावला, बऊंच्या भिंतीवर. बायका गात होत्या. अप्पांनी भिंतीवर तळवा टेकवला आणि म्हणाले, "वाह, कितनी ठंडी है."

बऊंची सून गोमती कडेवर मुलगी घेऊन मागे उभी होती. ती फारशी बोलायची नाही. तिने विचारलं, "और जो मैया ईसें ऊपर आ गईं तौ?"

अप्पा हसले. सगळे खूष होते, ते खूष होते. "अरे बेटा, बाप-दादों के ज़माने से इससे ऊपर नहीं आईं."

पुढच्या दिवाळीला पुताई झाली आणि रेघा तशाच राहिल्या. लोकांनी रेघेच्या वर चुना लावला, रेघेच्या खाली चुना लावला, रेघ सोडून. अप्पांनी घरोघरी फिरून बघितलं, लहान मुलासारखे. आमच्या ऑफिसने त्याचे फोटो रिपोर्टात मोठे करून छापले. दुसऱ्या गावांतही असंच करा म्हणून सांगण्यात आलं.

पुढे काही पावसाळे साधेच गेले. आणि मग एका वर्षी वरच्या बाजूला पावसाने नुसता धिंगाणा घातला.

निरोप वेळेत पोचला होता, हे मी मुद्दाम लिहितेय. धरणाचे दरवाजे उघडणार असा मेसेज फोनवर आला, गाडीवरून माइकने सांगितलं, गावात सगळ्यांना कळलं. सकाळपासून पाणी चढत होतं. आणि पिपरौनीचे लोक काय करत होते, तर आपापल्या भिंतीकडे बघत होते. रेघ अजून वर होती. मैयाने स्वतःची हद्द ठरवून दिलीये, तिथवर येईल आणि परत जाईल. लोकांनी धान्याची पोती रेघेच्या वर रचली. काहींनी खाटेवर खाट चढवली. घर सोडून टौरियावर जायची घाई कुणाला वाटेना, कारण एवढ्या वर्षांत घरात बसून पूर किती येईल हे बघायची सोय आम्हीच करून दिली होती.

दुपारी पाणी रेघेला लागलं तेव्हा लोक धावले. रामकली बऊंचा मुलगा हरचरन, त्याने बायको, मुलगी आणि बकऱ्या आधी वर नेल्या. बऊ अटारीवर बसल्या होत्या, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर. त्याला म्हणाल्या, "तैं इनें छोड़ आ. मैं लकीर सें ऊपर बैठी हौं." तो परत खाली येत होता, अर्ध्या वाटेवर होता, तेव्हा भिंत बसली, बऊंना घेऊन. पाणी रेघेच्या वर गेलं होतं जेमतेम वीतभर. पण माती सकाळपासून भिजत होती.

पाणी उतरल्यावर आम्ही गेलो. गाडी लांब ठेवून चिखलातून चालत. बऊंच्या घराच्या तीन भिंती गेल्या होत्या, रेघेवाली उभी होती, शेंदूर वाहून गेलेला, निळा रंग तसाच.

मला वाटलं होतं लोक आम्हाला शिव्या देतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, हे अप्पा नंतर बोलून दाखवायचे. झालं उलटंच. गावातले एक म्हातारे, सगळे ज्यांना कक्का म्हणायचे, ते हात जोडून पुढे आले.

"हमाई सें चूक भई, पंडतजी. ई साल मैया खों कड़ाई नईं चढ़ाई."

नदीला नैवेद्य राहिला, म्हणून ती हद्द ओलांडून आली, असं सगळ्यांचं ठरलं होतं. आणि कक्कांनी मागणं मागितलं. नवीन रेघ मारून द्या. जरा वर.

"नहीं," अप्पा म्हणाले.

लोकांना वाटलं ते रागावलेत. कक्का समजूत घालायला लागले, की आता चूक होणार नाही, दर वर्षी कढई चढवू, तुम्ही फक्त रेघ ओढा. अप्पांनी समजावायचा प्रयत्न केला. इतकी वर्षं गावोगावी तासन् तास बोलणारा माणूस, त्या दिवशी शब्द शोधत होता. "कक्का, वो लकीर ये बताने को थी कि पानी कहाँ तक आ चुका है. कहाँ रुकेगा, ये हमको भी नहीं मालूम."

कक्का त्यांच्याकडे बघत राहिले. चिडून नाही, खरंच न कळून. "तौ फिर लकीर काए के लाने हती?"

गोमती पुढे आली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि अप्पांना म्हणाली, अगदी हळू, "हमने पूछी हती."

एवढंच. ती बाजूला झाली आणि चिखलातून भांडी वेचायला लागली.

परतताना गाडीत अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. तसेच म्हणाले, "मी पाण्याची उंची मोजली गं. भिंतीचा दम नाही मोजला. हात लावला होता तिला. थंड लागली, छान वाटलं. ओल होती ती."

मी म्हटलं, "अप्पा, सगळ्यांनाच वाटलं होतं की चांगलं होतंय."

"सगळ्यांना नाही," अप्पा म्हणाले.

पुढे आमचा प्रोजेक्ट संपला. मी दुसरीकडे लागले. पिपरौनीत कुणीतरी पेंटर आणून नवीन रेघ मारून घेतलीच, जुनीच्या वर, लाल रंगात. अप्पांना कळलं तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले.

आणि मग त्यांनी ते सुरू केलं, ज्याच्यावरून त्यांच्या घरात रोज भांडण. पावसाळ्यात नदी चढणार अशी बातमी आली की अप्पा छत्री घेऊन बस पकडायचे, पिपरौनीला उतरायचे, गावात न थांबता थेट टौरियावर जायचे आणि तिथे दगडावर बसून राहायचे. कुणी खाली बोलावायला आलं तर म्हणायचे, "नहीं, हम यहीं ठीक हैं. सुबह से कुछ खाया नहीं, पर कोई बात नहीं."

झालं. बुंदेलखंडातल्या गावात पाहुणा उपाशी बसलाय हे कळल्यावर चूल पेटल्याशिवाय राहील का? कुणी चहा घेऊन वर येणार, कुणी खाट. खाट आली की ताडपत्री. बायका जेवण घेऊन आल्या की मुलं मागोमाग, मुलं आली की त्यांना शोधत म्हातारे. बघता बघता अर्धं गाव टेकडीवर. एकदा मी त्यांना विचारलं, हे काय चाललंय अप्पा, ह्या वयात. ते म्हणाले, "भोंगा वाजला तर लोक म्हणतात वाजू दे. पाहुणा उपाशी आहे, असू दे, असं म्हणता येत नाही त्यांना."

काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "तिकडे पूर येवो न येवो, ह्यांना इकडे सर्दी येते."

लोकांना युक्ती कळत होती, एवढे काही ते भोळे नव्हते. हरचरन तोंडावर बोलायचा, "पंडतजी, तुम भूखे नईं, चतुर हौ." तरी पुरी घेऊन यायचा. पण बहुतेक वेळा पाणी गावात शिरायचंच नाही. मळ्याच्या बांधापर्यंत यायचं आणि परत फिरायचं. मग लोक हसायचे, भिजलेली अंथरुणं गुंडाळून खाली जायचे, आणि पुढच्या खेपेला जरा कमी जण वर यायचे. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी कमी. अप्पांना ते दिसत होतं. ह्याला इलाज काय, ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही.

मी शेवटचं त्यांना तिथेच बघितलं. मागच्या पावसाळ्यात काकूंनी फोन केला, "तू तरी जा गं बरोबर, माझं ऐकत नाहीत." म्हणून मी गेले. दुपार होती, भुरभुर चालू होती. खाली बेतवा मातकट आणि रुंद, पण गावापासून लांब. टौरियावर त्या दिवशी फार थोडे लोक आले. कक्का आले नाहीत, त्यांचं दुखणं होतं. हरचरन खाट ठेवून बकऱ्या बघायला पलीकडच्या उतारावर गेला. अप्पा खाटेवर बसले होते, गुडघ्यावर हात, मान खाली गावाकडे.

सगळ्यांच्या मागून गोमती आली, झाकलेलं ताट घेऊन. बरोबर मुलगी, आता चांगली मोठी झालेली. गोमतीने ताट अप्पांच्या हातात दिलं.

"खा लो, पंडतजी. ठंडो हो रओ."

"घर में कोई रह तो नहीं गया?"

"कोऊ नईं. सब इतै हैं."

अप्पांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडापर्यंत नेला आणि हात तिथेच राहिला.

"ऊपर देखा था? अटारी पे?"

"देख कें आई हौं," गोमती म्हणाली.

त्यांनी तुकडा ताटात ठेवला, ताट खाटेवर ठेवलं आणि उठले. मी म्हटलं, अप्पा, दगड ओले आहेत, बसा. त्यांनी ऐकलं नाही, छत्रीही घेतली नाही. सगळ्या गावाला वर बोलावणारे अप्पा एक एक दगड चाचपत खाली उतरायला लागले. गोमती क्षणभर बघत राहिली. मग तिने पदर कमरेला खोचला, दोन ढांगांत त्यांना गाठलं आणि त्यांचा कोपर धरला. दोघं रिकामं घर बघायला गेले.